मागे वळून पाहणारे शहर

दर वर्षी 22 ऑक्टोबरला दुपारी बारा वाजता क्योटोच्या जुन्या राजवाड्यापाशी, केनरेईमोन या दक्षिण दरवाजासमोरून एक मिरवणूक निघते. सर्वांत पुढे बासरी आणि ढोल वाजवणारे शिपाई असतात. त्यांचा वेश 1868 च्या मेइजी क्रांतीच्या धामधुमीतला. त्यांच्या पाठोपाठ एदो काळ येतो, मग हिदेयोशी आणि नोबुनागा या सेनानींचा सोळाव्या शतकातला काळ, मग मुरोमाची, कामाकुरा, आणि असे करत करत शेवटी आठव्या शतकातले सरदार आणि योद्धे. सुमारे दोन हजार माणसे, दोन किलोमीटर लांबीची रांग आणि साडेचार किलोमीटरची वाट. इतिहास सांगायचा तर आपण आरंभापासून सांगतो. या मिरवणुकीत मात्र तो आजच्या बाजूने उलगडत मागे जातो. पाहणारा एकाच जागी उभा असतो आणि अकराशे वर्षे त्याच्यासमोरून उगमाकडे निघून जातात.

या मिरवणुकीला जिदाई मात्सुरी, म्हणजे ‘काळांचा उत्सव’ म्हणतात. मात्सुरी हा शब्द देवाला भजणे, त्याला काही अर्पण करणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. क्योटोच्या शरद ऋतूवर मराठीत काही सांगायचे तर सुरुवात लाल पानांपासून न करता या मिरवणुकीपासून करावी, असे मला मनापासून वाटते. पाने सुंदर आहेतच, त्यांच्याकडे आपण येऊ. पण पाने निसर्गाने रंगवलेली असतात. मिरवणूक माणसांनी उभी केली आहे, आणि ती का उभी केली हे कळले की सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत या शहरात जे जे घडते, त्या सगळ्याचा धागा हाती लागतो.

तो धागा एका नुकसानीपासून सुरू होतो. 794 साली सम्राट कान्मू याने आपली राजधानी येथे आणली. तेव्हा या नगरीचे नाव हेइआनक्यो होते. नवी राजधानी वसली तो दिवस 22 ऑक्टोबर, म्हणजे मिरवणुकीची तारीख हा शहराचा वाढदिवस आहे. पुढे सत्ता कामाकुराला गेली, एदोला गेली, पण सम्राटाचे घर हजारांहून अधिक वर्षे इथेच राहिले. मग 1869 मध्ये तरुण सम्राट मेइजी टोकियोला गेला आणि तिथलाच झाला. त्याच्यामागून दरबार गेला, सरदार गेले, त्यांना रेशीम, मिठाई आणि चहाची भांडी पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांपैकीही पुष्कळ गेले. शहराची लोकसंख्या झपाट्याने घटली. राजवाडा होता, राजा नव्हता. आता या गावाचे काय होणार, हा प्रश्न त्या वेळच्या क्योटोकरांसमोर अगदी खराखुरा होता.

त्यांनी दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. त्याच 1869 साली शहरातल्या आळ्याआळ्यांनी एकत्र येऊन 64 प्राथमिक शाळा उघडल्या. जपान सरकारचा शिक्षणविषयक कायदा 1872 चा, म्हणजे लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही, आपल्या पदरचे पैसे घातले. त्यानंतर त्यांनी बिवा सरोवराचे पाणी डोंगर पोखरून शहरात आणले. तो कालवा 1890 मध्ये पूर्ण झाला, दुसऱ्या वर्षी त्याच पाण्यावर केआगे येथे वीज तयार होऊ लागली, आणि 1895 मध्ये त्या विजेवर जपानमधली पहिली विजेची ट्राम क्योटोच्या रस्त्यावर धावली. तेच वर्ष राजधानीच्या स्थापनेचा अकराशेवा वर्धापनदिन साजरा करण्याचे ठरले. त्या वर्षी ओकाझाकी भागात राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले, जुन्या राजवाड्याच्या सभागृहाची लहान प्रमाणातली प्रतिकृती म्हणून हेइआन मंदिर बांधले गेले, त्यात सम्राट कान्मूची स्थापना झाली, आणि त्या मंदिराचा उत्सव म्हणून जिदाई मात्सुरी सुरू झाला.

म्हणजे अकराशे वर्षांचा इतिहास दाखवणारा हा उत्सव स्वतः मात्र विजेच्या ट्रामच्या वयाचा आहे. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला व्यापक रूप दिले ते 1893 साली, क्योटोच्या या मिरवणुकीच्या अवघी दोन वर्षे आधी. दोन्हींची कारणे वेगळी होती. आपल्याकडे परकी सत्ता होती, त्यांच्याकडे गेलेली राजसत्ता. तरी घरातल्या आणि देवळातल्या जुन्या श्रद्धेला रस्त्यावर आणून तिच्याभोवती शहर बांधायचे, ही दृष्टी दोन्हीकडे एकाच दशकात दिसते. उत्सव जुना की नवा या वादात पडण्यापेक्षा तो कोणी आणि कशासाठी खांद्यावर घेतला हे पाहणे जास्त फलदायी, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे.

जिदाई मात्सुरी खांद्यावर घेणारी संस्था नागरिकांची आहे. तिचे नाव हेइआन कोशा. शहरातले वेगवेगळे भाग तिच्यात वाटून घेतले आहेत, आणि ही वाटणी मुख्यतः त्या जुन्या शाळांच्या हद्दींवर उभी आहे. कोणत्या भागाने कोणत्या काळाची तुकडी सांभाळायची हे ठरलेले असते. सैनिक, सरदार, पालखीचे भोई म्हणून चालणारी ही माणसे एरवी दुकान चालवतात, कचेरीत जातात, निवृत्त होऊन नातवंडे सांभाळतात. त्यांच्या अंगावरचे कपडे नाटकाच्या कपडेपटातले नसतात. त्या त्या काळाचा अभ्यास करून, विणकर, रंगारी, कासार, चांभार अशा कारागिरांच्या हातून ते घडवलेले असतात. म्हणून पावसाची लक्षणे दिसली तर मिरवणूक पुढे ढकलतात. क्योटोच्या निशिजिन भागातल्या मागांना आणि इतर हस्तोद्योगांना हा उत्सव म्हणजे आपले कसब जिवंत ठेवण्याचे एक निमित्त आहे.

आणि इतिहास दाखवायचा म्हटले की कोणाला दाखवायचे आणि कोणाला वगळायचे, हा प्रश्न येतोच. आरंभी या मिरवणुकीत स्त्रियांच्या तुकड्या नव्हत्या. महायुद्धानंतर, 1950 मध्ये त्या सुरू झाल्या. आज ‘गेंजीची कथा’ लिहिणारी मुरासाकी शिकिबू आणि तिची समकालीन लेखिका सेई शोनागोन एकत्र जातात, रणरागिणी तोमोए गोझेन घोड्यावरून जाते. मुरोमाची काळाची कथा आणखी बोलकी आहे. त्या काळाचा संस्थापक आशिकागा ताकाउजी सम्राटाविरुद्ध उभा राहिला म्हणून तो राजद्रोही मानला जाई, आणि त्याच्यापायी तो सबंध कालखंडच मिरवणुकीतून गळाला होता. चहाचा विधी, नो नाट्य, सुवर्णमंदिर ज्या काळाने दिले तो काळ त्याच शहराच्या स्मरणयात्रेत नव्हता. 2007 साली तो सामील झाला. शहराला आपल्या इतिहासाशी समेट करायला शंभरांहून अधिक वर्षे लागली, पण त्याने तो केला.

क्योटोचा शरद मात्र ऑक्टोबरच्या बराच आधी, चंद्रापासून सुरू होतो. जपानने 1873 मध्ये पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली आणि बहुतेक सण नव्या तारखांना बांधून टाकले. शरदातले चंद्रदर्शन मात्र तारखेला बांधता येईना. ते अजून जुन्या चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पंधराव्या रात्रीच होते. बहुतेक वर्षी ती आपली भाद्रपदातली पौर्णिमा असते. 2025 साली मात्र ते चंद्रदर्शन आणि आपली कोजागरी एकाच रात्री, 6 ऑक्टोबरला आली. त्या रात्री आपल्याकडे दूध आटत होते, तर क्योटोच्या पश्चिमेला दाइकाकुजी मंदिराच्या ओसावा तळ्याकाठी माणसे चंद्र पाहायला जमली होती. नवव्या शतकात सम्राट सागा याच्या विश्रामवाड्यासाठी हे तळे तयार केले. चंद्रदर्शनाच्या दिवसांत त्यावर ड्रॅगनच्या तोंडाच्या नावा सोडतात, आणि आकाशातल्या चंद्राइतकेच लक्ष पाण्यातल्या चंद्राकडे असते.

या चंद्राला जपानीत अळकुड्यांचा चंद्र असेही नाव आहे, कारण नवी अळकुडी याच सुमारास निघते आणि ती चंद्राला वाहतात. क्योटोकडे चंद्रदर्शनाचे जे तांदळाचे गोड लाडू करतात त्यांना अळकुडीसारखा लांबट आकार देऊन भोवती लाल घेवड्याच्या गोड पुरणाचा पट्टा गुंडाळतात. ज्यांच्या घरी अळूचे फदफदे आणि देठी होते, त्यांना हा चंद्र परका वाटणार नाही.

अळूचा मान इथे संपत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पाच दिवसांत कितानो तेनमान्गू मंदिराचा झुइकी मात्सुरी असतो. हे मंदिर सुगावारा नो मिचिझाने या विद्वान मंत्र्याचे आहे. खोट्या आरोपाने त्याला राजधानीतून हाकलले, 903 साली तो दूरच्या क्युशू बेटावर मरण पावला, आणि पुढे शहरावर कोसळलेल्या संकटांना त्याचा कोप मानून त्याला देव केले गेले. आज तो विद्येचा देव आहे. परीक्षेआधी विद्यार्थी त्याच्यापुढे हात जोडतात. त्याच्या उत्सवात जी पालखी निघते तिचे छत अळूच्या देठांनी शाकारलेले असते. झुइकी म्हणजे अळूचा देठ. बाकीची सजावट भाज्या, धान्ये, बिया, वाळवणे यांची. पालखीच्या बाजूंवर याच जिनसांतून जुन्या कथांतले किंवा चालू काळातले प्रसंग उभे केलेले दिसतात. निशिनोक्यो भागातले लोक ही पालखी दर वर्षी नव्याने करतात. सोन्याचांदीची पालखी एकदा घडवली की पिढ्यान्‌पिढ्या पुरते. ही पुरत नाही, म्हणून ती करण्याची विद्या मात्र दर वर्षी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. क्योटोच्या उत्सवांचे सगळे शास्त्र मला या नाशवंत पालखीत सापडते.

22 ऑक्टोबरच्या दुपारी शहर इतिहासाची शिस्तबद्ध मिरवणूक पाहते, आणि त्याच रात्री उत्तरेच्या डोंगरातले कुरामा गाव पेटते. कुरामाही क्योटो महानगराचाच भाग आहे. 940 साली, भूकंप आणि बंडाळ्यांनी राजधानी हवालदिल झाली असताना, राजवाड्यातला युकी देव उत्तर दिशेच्या रक्षणासाठी येथे हलवला आणि गावकऱ्यांनी मशाली घेऊन त्याचे स्वागत केले. त्याची आठवण म्हणून हा अग्निउत्सव. संध्याकाळी घराघरांपुढे आगट्या पेटतात. आधी लहान मुले छोटे पलिते घेऊन निघतात, मग मोठी मुले, आणि शेवटी गवती पट्ट्यांचा तुटपुंजा पोशाख केलेले तरुण खांद्यावर अवाढव्य मशाली तोलत येतात. ‘साइरेई, साइर्यो’ हा त्यांचा घोष अरुंद रस्ताभर घुमतो. रात्री उशिरा दोन पालख्या मंदिराच्या तीव्र उतारावरून खाली येतात. त्या कोसळू नयेत म्हणून मागून दोर धरायचे काम गावातल्या स्त्रिया करतात. मूठभर घरांचा हा उत्सव. 2018 मध्ये चक्रीवादळाच्या नुकसानीमुळे तो होऊ शकला नाही, पुढे कोरोनाच्या साथीच्या दोन वर्षांतही नाही. नंतर गावाने आगट्या पुन्हा पेटवल्या.

ऑक्टोबर सरता सरता उत्सवाचा आवाज खाली येतो. विद्यापीठाजवळच्या चिओनजी मंदिराच्या आवारात जुन्या पुस्तकांची जत्रा भरते. या जागेला लोक ह्याकुमानबेन, म्हणजे ‘दहा लाख वेळा’ म्हणतात. 1331 च्या साथीत येथल्या भिक्षूने बुद्धनामाचा दहा लाख वेळा जप केला होता, त्यावरून ते नाव पडले. अशा जागी जत्रेच्या आरंभी भिक्षू जुन्या पुस्तकांसाठी प्रार्थना म्हणतात. ज्या पुस्तकांचे वाचक गेले, त्यांना नवे वाचक लाभावेत यासाठी केलेला हा विधी पाहून पुस्तकप्रेमी माणसाचा ऊर भरून येतो. 3 नोव्हेंबर हा जपानचा संस्कृतीदिन. याच दिवसांत एरवी बंद असलेल्या कित्येक मंदिरांतल्या खोल्या, पडदेचित्रे आणि बागा थोड्या दिवसांसाठी लोकांना खुल्या होतात.

नोव्हेंबर हा चहाविधीच्या जगातला नववर्षाचा महिना. उन्हाळ्यातली शेगडी बाजूला ठेवून जमिनीतली चूल उघडतात, वसंताच्या अखेरीस खुडून बरणीत बंद केलेल्या चहाचे झाकण याच महिन्यात फोडतात. चहाविधीची परंपरा चालवणाऱ्या तिन्ही सेन घराण्यांची मूळ घरे क्योटोतच आहेत. 1587 च्या शरदात हिदेयोशीने कितानोच्या मंदिराच्या आवारात चहाचा महामेळा भरवला आणि गरीब-श्रीमंत सर्वांना, हाती एखादी किटली किंवा वाडगा असला तरी, या असे आवतण दिले. कितानोत 1 डिसेंबरला त्याची आठवण म्हणून आजही देवाला चहा अर्पण करतात.

आणि मग पाने. क्योटो तीन बाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात वसले आहे. दिवस उबदार आणि रात्र एकदम गार, यामुळे मोमिजी, म्हणजे जपानी मेपलच्या पानांतले हिरवे द्रव्य विरते आणि लाल द्रव्य साठते. तोफुकुजी मंदिरात ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून खाली पाहिले की पानांचा समुद्र दिसतो. तिथे चेरीची झाडे का नाहीत, याची एक आख्यायिका आहे. चित्रकार भिक्षू मिंचो याने शोगुनाकडे बक्षीस म्हणून एवढेच मागितले की चेरीची झाडे काढा, नाहीतर लोक इथे ध्यान सोडून मौजमजेला येतील. आज त्याच मंदिरात नोव्हेंबरच्या अखेरीस मुंगीला वाट मिळत नाही, ती मोमिजीमुळे.

एइकांदो मंदिरातही लोक पानांसाठीच जातात, पण तिथे आतली मूर्ती पाहिल्याशिवाय परतू नये. सुमारे 77 सेंटिमीटर उंचीचा हा अमिदा बुद्ध समोर पाहत नाही. त्याने मान डावीकडे वळवून खांद्यावरून मागे पाहिले आहे. कथा अशी की 1082 साली योकान नावाचा भिक्षू पहाटे नामजप करत वेदीला प्रदक्षिणा घालत असताना साक्षात अमिदा खाली उतरून त्याच्यापुढे चालू लागला. योकान थक्क होऊन जागीच थांबला. तेव्हा बुद्धाने मागे वळून, उशीर का करतोस, अशा अर्थाचे शब्द उच्चारले. मागे पडलेल्यासाठी थांबणारा हा देव, आणि उलट्या क्रमाने चालणारी ती मिरवणूक. क्योटोने मागे वळून पाहणे म्हणजे गतकाळात रमणे नव्हे. मागे राहिलेल्याला बरोबर घेऊन पुढे जाणे, हा त्याचा अर्थ.

त्या जुन्या शाळांचे पुढे काय झाले, हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शहराच्या मध्यभागातली मुले कमी झाली, शाळा बंद पडू लागल्या. मेइरिन शाळेच्या इमारतीत 2000 साली क्योटो आर्ट सेंटर सुरू झाले, तात्सुइके शाळेत 2006 साली मांगा चित्रकथांचे संग्रहालय आले. 2010 पासून शरदात क्योटो एक्सपेरिमेंट हा प्रयोगशील रंगमंचाचा आंतरराष्ट्रीय महोत्सव होतो, त्याचे प्रयोग अशा जागांतही होतात. दुसरीकडे, नोव्हेंबरच्या शेवटी मिनामिझा नाट्यगृहाच्या दर्शनी भागावर डिसेंबरच्या काबुकी प्रयोगातल्या नटांची नावे ठसठशीत अक्षरांत लाकडी फळ्यांवर चढतात आणि क्योटोकर म्हणतात, वर्ष संपत आले. 1603 मध्ये ओकुनी नावाच्या स्त्रीने याच शहरात नाचून काबुकीचा पाया घातला होता.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. पाने लाल होण्याचा काळ तापमानवाढीने लांबत चालला आहे, पाने उशिरा लाल होतात. शरदात शहरबसमध्ये रहिवाशांनाच जागा मिळत नाही अशी गर्दी होते. गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांत गेइको आणि माइको या नर्तिकांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांना आवरण्यासाठी 2024 मध्ये प्रवेशबंदीच्या आणि 10,000 येन दंडाच्या पाट्या लावाव्या लागल्या. आणि गर्दीहूनही मोठी काळजी म्हणजे खांद्यांची. आळीतली माणसे म्हातारी झाली, तरुण दूर गेले, तर पालखी उचलायची कोणी? पाहणारे लाखांनी वाढत असताना करणारे कमी होत जाणे, हे आजच्या उत्सवापुढचे खरे संकट आहे. ते आपल्याही गावजत्रांना ठाऊक आहे.

म्हणून पुढची पाने वाचताना वाचकांना एकच विनंती आहे. प्रत्येक उत्सवापाशी थांबून, हे कोण करते आहे, असे विचारत जावे: मशालींच्या मोळ्या कोण बांधतो, अळूचे देठ कोण सोलतो, मिरवणुकीच्या चपला कोण वळतो. आणि कधी प्रत्यक्ष जाण्याचा योग आला तर राहत्या घरांच्या दारात शिरू नये, देवाच्या वाटेत उभे राहू नये, फोटो काढण्याआधी विचारावे.

जिदाई मात्सुरी पाहायला उभे राहिलात तर आठव्या शतकातले योद्धे गेले म्हणून जागा सोडू नका. त्यांच्यानंतर देवांच्या दोन पालख्या येतात. एकीत क्योटो वसवणारा सम्राट कान्मू असतो आणि दुसरीत सम्राट कोमेई, ज्याने आपली सबंध कारकीर्द क्योटोत काढली असा शेवटचा सम्राट. शहराचा पहिला राजा आणि शेवटचा राजा वर्षातून एकदा बरोबरीने गावातून फिरतात. त्यांच्या मागून डोक्यावर फुले घेऊन शिराकावाच्या फुलवाल्या चालत येतात. त्या दिसेपर्यंत थांबा.